विसर्जनाच्या दिवशी खाल्लेला मार

गणपती आले आणि वाडीवाडीतून टाळ-मृदंग ऐकू येऊ लागले की एक प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे हमखास उभे राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या मानाने हे प्रकरण साधे, एका परमिट रूमच्या परवान्याच्या चौकशीचे. तरीही निवृत्तीनंतर कोणी विचारले, ‘साहेब, मनासारखं काम कोणतं झालं?’ तर मी याचेच नाव घेतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. मी मूळचा शेजारच्या जिल्ह्यातला, पण कोकणातलाच. वडील मुंबईला गिरणीत. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. माझी निवड झाली तेव्हा चारित्र्य पडताळणीसाठी एक वयस्कर जमादार पायी घाटी चढून आमच्या वाडीत आले होते. चार घरी विचारपूस करून त्यांनी कागदावर लिहिले, ‘वर्तणूक चांगली.’ त्या दोन शब्दांवर माझे पुढचे आयुष्य उभे राहिले. म्हणून पडताळणीचे कागद मी कधीच डोळे झाकून पुढे ढकलले नाहीत.

गावात एसटी स्टँडच्या मागे एक परमिट रूम होती. मालक मुंबईला असे. कारभार पाहायला त्याने तिकडूनच एक मॅनेजर पाठवला होता. गोड बोलणारा, पांढऱ्या कपड्यांतला, खिशाला दोन पेनं लावणारा. मालकाच्या चांगुलपणाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण मालकाला कोणी पाहिलेच नव्हते. तक्रारी होत्या त्या या कारभाराच्या. बंदीच्या दिवशीही दारू मिळते, मागच्या गल्लीतून बायकांना जाता येत नाही, टोकले तर शिव्या ऐकाव्या लागतात. दारूबंदी खात्याने पूर्वी दोनदा तपासणी केली होती. दोन्ही वेळा बंदीच्या दिवशी दाराला कुलूप, सगळे रीतसर. कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने परवाना चालू ठेवावा की नाही, याचा पोलीस अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयाने आमच्याकडे मागवला होता.

तक्रार अर्जावर पहिली सही होती बालवाडीच्या बाईंची. त्यांची बालवाडी त्याच मागच्या गल्लीत, एका खोलीत भरायची. बाई विधवा, पन्नाशीच्या पुढच्या. ठाण्यात आल्या त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत.

“साहेब, माझ्या वर्गात पोरं काय खेळतात, ठाऊक आहे?”

“काय बाई, भातुकली?”

“परमिट-परमिट! एक पोर गल्ल्यावर बसतं, दुसरं येऊन म्हणतं, ‘एक क्वार्टर द्या, सोडा मारून.’ तिसरं भिंतीला धरून झोकांड्या खातं. आणि सगळ्यांना व्हायचं असतं ते तिसरंच!”

आमचे हवालदार तोंडावर रुमाल धरून हसले. बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की रुमाल खिशात गेला.

हा अर्ज गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यातला. गौरी-गणपतींचे विसर्जन झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर वकिलाला घेऊन ठाण्यात हजर. त्याची फिर्याद अशी की, काल विसर्जनाच्या संध्याकाळी बाईंचा मुलगा दारू पिऊन परमिट रूममध्ये आला, काउंटरची काच फोडली आणि वेटरला खाली पाडून मारले. सोबत वेटर होता, कोपराला पट्टी बांधलेला. सरकारी दवाखान्याचा दाखलाही होता. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला. नोंदवणे भागच होते.

बाईंच्या मुलाचे नाव वाचून मी टेबलाचा खण उघडला. त्याच मुलाचा चारित्र्य पडताळणीचा कागद आत होता. मुलगा बी.कॉम. झालेला, मुंबईत किरकोळ काम करून परीक्षा देणारा. एका बँकेत त्याची निवड झाली होती आणि महिनाअखेर हजर व्हायचे होते. सुट्टी काढून तो गणपतीला घरी आला होता. आता त्या कागदावर मला लिहावे लागणार होते: मारहाणीचा गुन्हा दाखल, तपास चालू. हे वाचून कोणती बँक त्याला दारात उभे करणार होती?

मुलाला बोलावले. तो शांत होता.

“मी त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही, साहेब. आम्ही विसर्जनाला खाडीवर होतो.”

“कोणी पाहिलं?”

“सगळ्या आळीनं.”

इथेच अडचण होती. सगळ्या आळीच्या सह्या आईच्या अर्जावर होत्या. त्यांचे जबाब घेतले असते तर समोरचा वकील एका वाक्यात म्हणाला असता, हे सगळे एकाच गटातले. शिवाय संध्याकाळी गावातले एक वजनदार गृहस्थ चहाला म्हणून येऊन बसले. जाताना म्हणाले, “फौजदारसाहेब, बाईंना सांगा अर्ज मागे घ्यायला. इकडची फिर्यादही मग मागे जाईल. पोराचं भलं होईल.”

बाईंच्या कानावर हा निरोप माझ्याआधीच गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. या वेळी खुर्चीवर बसल्या.

“साहेब, अर्ज मागे घेतला तर त्याची नोकरी राहील का?”

मी म्हणालो, “बाई, मला दोन दिवस द्या.”

“रात्री मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, ‘आई, तू सही खोडलीस तर मी बँकेत मान वर करून बसू कसा?’ ” एवढे बोलून त्या उठल्या. “तेव्हा दोन दिवस घ्या. पण आम्हाला गप्प बसवू नका हो.”

मग मी वेटरला चौकशीसाठी बोलावले, एकट्याला. चाळिशीचा माणूस, आतल्या एका गावचा. रविवारी एसटीने घरी जाणारा. तो आला तोच पाठ केलेले बोलत. ‘सात वाजले होते, तो आला, त्याने शिवी दिली, मला ढकलले.’ फिर्यादीत होते तसेच, शब्दाला शब्द लावून. पोलिसांच्या कानाला असा जबाब लगेच कळतो. खरा मार खाल्लेला माणूस मागचे पुढे सांगतो, मध्येच रागावतो, एखादी गोष्ट विसरतो.

हवालदार मला हळूच म्हणाले, “साहेब, जरा आवाज चढवा.”

मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि विचारले, “घरी गणपती असतो की नाही?”

“म्हंजे काय साहेब! आजोबापासनं हाय. गौरीबरोबर जातो.”

“यंदा मखर कसलं केलं होतं?”

त्याचा चेहरा उजळला. बांबूच्या कामट्या, त्यावर रंगीत कागद, मूर्तीवर टांगलेल्या माटवीला कांगण्या, कवंडळं, शेरवडं अशी रानातली फळं-फुलं. रात्री दोन बुवांच्या भजनाचा सामना, डबल बारी. तो सांगत होता, मी ऐकत होतो. आमच्याकडेही माटवी तशीच बांधतात, त्यामुळे मध्ये मध्ये मीही बोलत होतो.

“विसर्जन कुठे करता?”

“नदीवर. पायऱ्या जांभ्याच्या, शेवाळ धरलेल्या. लय जपून उतरावं लागतं.”

“मग मूर्ती डोक्यावर कोण घेतं?”

“मीच. घरात थोरला मी. दुसरा कोण घेणार?”

“यंदाही?”

“यंदाही मीच! शेवटच्या पायरीवर पाय घसरला साहेब. पाठीवर पडलो, कोपर फुटलं, पण देवाला धक्का लागू दिला नाय. अख्खी वाडी बघत व्हती. म्हातारा बाप बोलला, ‘पोरा, राखलंस.’ ”

बोलता बोलता त्याने पट्टी बांधलेला हात वर उचलून दाखवला. हात तसाच वर राहिला. हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला त्याचा आवाज झाला.

मी एवढेच विचारले, “मग त्या संध्याकाळी परमिट रूममध्ये मार कोणी खाल्ला?”

कोकणातला माणूस पोलिसांपुढे खोटे बोलेल, कोर्टातही बोलेल. पण घरच्या गणपतीच्या विसर्जनाला मी नव्हतो, असे त्याच्या तोंडून येणार नाही. थोरल्या मुलाच्या तर नाहीच. मॅनेजर मुंबईहून आलेला असला तरी मूळचा परमुलखातला. त्याच्या लेखी गणपती म्हणजे वेटर रजेवर जाण्याचे दिवस. सकाळी वेटर पट्टी बांधून परतलेला दिसला आणि त्याला आयती जखम सापडली. जखम कुठे झाली हे मात्र त्याने विचारलेच नाही.

वेटर खाली मान घालून रडू लागला. “मॅनेजरनं सांगितलान, सही कर, नायतर उद्यापासनं येऊ नको. मी काय करणार साहेब? घरात खाणारी आठ तोंडं.”

“देवाला राखलंस,” हवालदार त्याला म्हणाले, “आता त्या बाईच्या पोरालाही राख.”

तो रडता रडता हसला. त्या दिवशी त्याने सगळे सांगितले. बालवाडीच्या भिंतीला लागून एक खोली होती. कोंडा आणि पेंढा ठेवायची म्हणून मॅनेजरने ती भाड्याने घेतली होती. बंदीच्या आदल्या दिवशी माल तिकडे जाई आणि परमिट रूमला पुढून मोठे कुलूप लागे. तपासणीवाले कुलूप पाहून परत जात. गिऱ्हाईक मागच्या गल्लीतून येऊन कोंड्याच्या खोलीत बसे. बालवाडीतली पोरे परमिट-परमिट कुठून शिकली, ते मला तेव्हा उमगले.

मी वेटरच्या गावी गेलो. पोलीस पाटील, भटजी, भजनीबुवा, सगळ्यांनी एकच सांगितले. शेवाळलेली ती पायरीसुद्धा मला हौसेने दाखवली. वेटरचा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतला, म्हणजे पुढे कोणी दबाव आणला तरी तो फिरू नये.

अनंत चतुर्दशी तोंडावर होती. त्या दिवशी दारूविक्री बंद आणि आम्ही सगळे मिरवणुकीच्या बंदोबस्तात. वेटर फिरल्याचे मॅनेजरला कळले नव्हते; त्याचा हिशेब असा की पोलीस गणपतीच्या मागे असणार. तो हिशेब बरोबर होता. फक्त मिरवणूकच त्या मागच्या गल्लीतून जात होती.

दारूबंदी खात्याचे निरीक्षक आणि दोन पंच घेऊन मी बालवाडीत जाऊन थांबलो. दुपारची वेळ. बाईंनी कुलूप उघडून दिले होते आणि पोरांच्या बुटक्या बाकांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. आमचे हवालदार धोतर नेसून, नखशिखांत गुलालात माखून, हातात झांजा घेऊन मिरवणुकीत नाचत आले आणि कोंड्याच्या खोलीच्या दाराशी थबकले. सगळे बोलणे भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू येत होते.

“घसा सुकला हो, काही आहे का?”

“या काका, या! आत या, दार लावून घ्या. काय घेणार?”

“परवाना घेईन म्हणतो. दाखवा जरा.”

मॅनेजर हसला. मग हवालदारांनी गुलाल पुसून चेहरा दाखवला असावा, कारण हसणे एकदम थांबले.

“तुम्ही... तुम्ही तर बंदोबस्तावर होता ना?”

“हा काय, तोच चाललाय.”

आम्ही आत शिरलो तेव्हा सहा-सात गिऱ्हाइके पेंढ्याच्या भाऱ्यांवर ग्लास धरून बसली होती. बाटल्या कोंड्याच्या पोत्यांत होत्या. पंचनामा सुरू झाला आणि बाहेर गल्लीत ही बातमी पोहोचली. मिरवणूक थांबली. क्षणभर मला वाटले, आता गडबड होणार. पण ढोलवाल्यांनी असा काही ठेका धरला, आणि आळीतल्या बायकांनी असा गजर केला, की तसा बाप्पाचा जयजयकार मी पुढे कुठेही ऐकला नाही.

पुढे जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. मालक पहिल्यांदाच रत्नागिरीत दिसला. हे सगळे मॅनेजरने परस्पर केले, माझा संबंध नाही, असे त्याचे म्हणणे. पण मॅनेजरचा नोकरनामा मालकाच्याच सहीचा होता, आणि नोकराच्या कृत्याला परवानाधारक जबाबदार ही परवान्याचीच अट. त्याच्या वकिलाने शेवटी बाईंना उलटे विचारले, “तुम्ही कधी आत गेला होतात का?”

“नाही हो, मला कशाला जावं लागतंय?” बाई म्हणाल्या. “तुमची भिंत आणि माझ्या वर्गाची भिंत एकच. माझ्या पोरांना अजून दहापर्यंत अंक येत नाहीत, पण क्वार्टर केवढी असते ते हातानं दाखवतात.”

परवाना रद्द झाला. मुलावरचा खोट्या फिर्यादीचा गुन्हा ‘ब’ समरीने, म्हणजे फिर्याद खोटी असल्याच्या अहवालाने, निकालात निघाला आणि मॅनेजरवर उलट कारवाई झाली. वेटरला गावातल्याच एका खानावळीत काम मिळाले. तिथेही तो कोपराची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत असे, दर वेळी पायरी थोडी अधिक निसरडी करून.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते नोकरीभर उपयोगी पडले. माणसाला गुन्ह्याबद्दल विचारले की तो सावध होतो. त्याला अभिमान वाटेल असे काही विचारले की खरे बोलतो. लाठीने तोंड उघडते खरे, पण त्यातून बाहेर येते ते आपल्याला हवे असलेले, घडलेले नव्हे.

आणि तो खणातला कागद? समरी मंजूर झाली त्याच दिवशी मी तो बाहेर काढला. खूप काही लिहावेसे वाटत होते. शेवटी माझ्यासाठी कोणे एके काळी त्या वृद्ध जमादारांनी लिहिले होते तेवढेच लिहिले: ‘वर्तणूक चांगली.’ मुलगा वेळेत हजर झाला.

बदलीचा हुकूम आल्यावर निरोप घ्यायला बालवाडीत गेलो. दारातच एका चिमुरडीने हातातली पट्टी आडवी धरून मला अडवले. आतमध्ये दोन पोरे भिंतीकडे तोंड करून हात वर धरून उभी होती.

“ओ, आत जायचं नाय! लायसन दाखवा आधी.”

बाई आतून हसत म्हणाल्या, “साहेब, हल्ली धाड-धाड खेळतात. आणि सगळ्यांना फौजदारच व्हायचं असतं.”

मी टोपी काढून त्या छोट्या फौजदाराच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या नाकापर्यंत आली. मग टोपीखालून आवाज आला, “जावा. तुम्हाला सोडलं.”