तोफेच्या जागी लुंगी

सुई हातात असताना मला कोणी सल्ला दिला तर मी निमूट ऐकून घेते, कारण तोंडात दोरा असतो. दोरा सुटला की बोलते. माझा हा स्वभाव गोव्यातल्या आमच्या सगळ्या धारगळ गावाला ठाऊक आहे, आणि माझ्या धाकट्या दिरांना जरा जास्तच.

मी कापडाची चित्रं करते. जुन्या कपड्यांचे तुकडे कापायचे, एकावर एक लावायचे आणि धावदोऱ्याने शिवून घ्यायचे. काम गोधडीचंच, फक्त ही गोधडी अंगावर न घेता भिंतीवर टांगायची. गावातले निम्मे लोक अजून मला शिंपीणच समजतात आणि पॅन्टची चेन बदलायला घेऊन येतात. मी बदलून देते. पण गेली वीस वर्षं पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला देवळाच्या सभागृहात, स्टेजच्या मागे जो पडदा लागतो, तो माझा असतो. त्याचा मला माज आहे आणि तो मी लपवत नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सीमेवर तणातणी झाली. टीव्हीवरची माणसं घसा फोडून युद्ध मागत होती. आमच्या दारात भाजी निवडता निवडता बायका क्षेपणास्त्रांची नावं घेऊ लागल्या. तो उन्हाळा संपला, ताण निवळला, पण लोकांच्या अंगातलं उतरलं नव्हतं. जुलैत एक दिवस दीर आले. उत्सव समितीचे अध्यक्ष तेच. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "वैनी, यंदा पडदो जोरदार होवक होयो. मधी रणगाडो, बाजूक तोफ, वर विमान."

दोरा तोंडातून काढला आणि म्हटलं, "भावोजी, तोफ मी शिवूचंय नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे शिवूचंय नाय. दुसरा काय तां सांगा."

त्यांना आधी मस्करी वाटली. मग ते तापले. "सैन्य इला नसता तर आज पोर्तुगिजांच्या झेंड्याचो पडदो शिवूचो लागलो असतो, वैनी." ते खोटं बोलत नव्हते. गोव्यात राहून सैन्याला नावं ठेवणारी मी नव्हे. पण रणगाडा मान्य केला असं त्यांना वाटू नये म्हणून कप उचलून आत गेले. ते दारातून म्हणाले, "तर मग म्हापशासून फ्लेक्स हाडतंव."

वीस वर्षांत पहिल्यांदा माझी जागा जाणार होती, तीही एका रात्रीत छापून येणाऱ्या प्लास्टिकसाठी. मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

मला पंधरा ऑगस्ट मनापासून आवडतो. सकाळी शाळेच्या आवारात ओल्या गवतावर उभं राहायचं. झेंडा पावसाने भिजून काठीला चिकटलेला असतो. मग कुठून तरी वारा येतो, तो सुटतो, आणि माझे डोळे भरतात. एकोणीस डिसेंबरला, गोवा मुक्त झाला त्या दिवशीही तेच होतं. माझं देशावर प्रेम आहे. ते दाखवायला मला तोफ लागत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

तोफ मी एकदा शिवलेली आहे. माझं माहेर साखळीचं. मी सातवीत असताना मुक्तिदिनाच्या चित्ररथासाठी मी काळ्या कापडाची तोफ केली होती. आत भुसा भरला, चाकांच्या जागी दोन सुपं लावली. हुबेहूब झाली. पहिलं बक्षीस मिळालं. घरी आणून ती मी अंगणात ठेवली आणि शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवली. शेजारच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. तिचा मुलगा सैन्यात गेला होता आणि परत आला नव्हता. ती आली, तोफेच्या तोंडात तिने हात घालून पाहिला, आणि मला विचारलं, "बरी केलंस. आनी ही कोणावर सोडतलंस गो?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी भुसा काढला आणि त्या कापडाची तिला उशीची खोळ शिवून दिली. तेव्हापासून हातात कात्री धरली की तो प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसतो.

तर मी ठरवलं, पडदा करायचाच. फ्लेक्स येवो नाहीतर न येवो. पण सुचेना. काय नको ते मला पक्कं माहीत होतं. काय हवं ते माहीत नव्हतं. नुसतं 'नको' म्हणून पडदा भरत नाही. मी जुन्या दोन चादरी जोडून पडवीत पसरल्या आणि दोन दिवस त्यांच्याभोवती फिरले. कडेची झाडं दिसत होती, शेत दिसत होतं. मधली जागा, रणगाड्याची म्हणून दिरांनी सांगितलेली, तेवढी रिकामीच राहायची.

कापड जमवायला लागलं की डोकं चालायला लागतं हा माझा जुना अनुभव. म्हणून महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: स्वातंत्र्यदिनाच्या पडद्यासाठी प्रत्येक घरातून एक जुनं, वापरलेलं कापड हवं.

दुसऱ्या दिवसापासून पिशव्या यायला लागल्या. उघडून बघते तर ब्लाऊजपीस. हळदीकुंकवाला, ओटीत, लग्नात मिळणारे, घडी न मोडलेले, टाचणी न काढलेले ब्लाऊजपीस! हिरवे, जांभळे, चकाकणारे. आमच्याकडे हे ब्लाऊजपीस कोणी शिवत नाही. ते एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतात, आणि आता सगळ्यांना ते देशाच्या पदरात टाकायची उत्तम संधी मिळाली होती. त्यातला एक तर मीच संक्रांतीला वाटलेला होता. त्याच्या कोपऱ्यावर माझ्या हळदीचं बोट होतं.

मी एकीला गाठलं. "अगो, जुना म्हणून लिहिलेलंय मी."

ती दुखावलीच. "देशाच्या कामाक फाटका कसा दिवचा गो वैनी?"

आता हिला काय सांगू? नव्या कडक कापडात चार थरांतून सुई जात नाही, बोटाची साल निघते. पण खरं कारण वेगळं आहे. बाळ जन्मलं की आमच्यात त्याला नव्या कापडात गुंडाळत नाहीत. आजीचं लुगडं, आत्याची साडी, असं धुऊन धुऊन मऊ झालेलं, माणसाच्या अंगाला लागलेलं कापड काढतात. बाळाला जे चांगलं, ते देशाला कमी कसं पडेल? हे मी तिला तिथेच, दारात उभ्या उभ्या सांगितलं. ती आत गेली आणि आपला विटका हिरव्या फुलांचा गाऊन घेऊन आली. "हो घे. कोणाक सांगू नको माझो म्हणून."

मग मी घरोघर फिरले. छत्री, पिशवी आणि मी. रिटायर झालेल्या बस कंडक्टरची खाकी पॅन्ट मिळाली. एका मुलीचा शाळेचा निळा फ्रॉक मिळाला, आता ती कॉलेजात जाते. साखळीला जाऊन भावाचा शर्ट आणला. तो खाणीवर ट्रक चालवायचा, त्या शर्टातली तांबडी माती दहा वर्षांच्या धुण्याने गेली नव्हती. मी कपाटातून सासूबाईंचं नेसून झिरझिरीत झालेलं पातळ काढलं. पुढे सगळं भराभर सुचत गेलं. खाकीची झाडं झाली, गाऊनचं भात झालं, निळ्या फ्रॉकचं आभाळ, भावाच्या शर्टाचा रस्ता. रस्त्यावरून सायकलवर पाव विकणारा पोदेर निघाला. मधली जागा मात्र अजून रिकामीच होती.

आमच्या मागच्या खोलीत बेळगावकडची एक बाई भाड्याने राहते. औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते, मुलगी इथल्या शाळेत. तिचा नवरा सैन्यात आहे. मला वाटलं, त्याची जुनी वर्दी मिळाली तर मध्ये एक जवान उभा करता येईल. बंदूक न घेतलेला. तेवढी तडजोड मी मनाशी केली होती. मी तिच्याकडे वर्दी मागितली.

ती नाही म्हणाली. "वर्दी न्हाई द्यायची ताई. ती सरकारची हाय." मग पेटीतून तिने एक निळ्या चौकड्यांची लुंगी काढली. मध्ये विरलेली, काठाला सुटलेली. "ही घ्या. सुट्टीला आलं की पयली वर्दी काढत्यात आनि ही गुंडाळत्यात. तवा मला वाटतं, आलं घरी."

मी ती लुंगी घेऊन पडवीत आले तीच मुळी पळत. मधली जागा भरली होती. आमच्याकडच्या घरासारखं एक घर, पुढे सोपो, म्हणजे बसायचा बांधीव कट्टा. त्यावर लुंगीतला एक माणूस, पाय हलवत बसलेला, हातात चहाचा पेला. मागे दोरीवर त्याची वर्दी वाळत घातलेली. ती वर्दी मी ब्लाऊजपीसची केली, तेवढा एक हिरवा उपयोगी पडला. त्या माणसाला चेहरा दिला नाही. मी चेहरे शिवत नाही. ज्याने त्याने आपला बघावा. बाकी सगळ्या कपड्यांचं दुसरंच काहीतरी झालं, लुंगी तेवढी लुंगीच राहिली.

चौदा ऑगस्टला दुपारी मी पडदा डोक्यावर घेऊन सभागृहात गेले. फ्लेक्स आधीच आलेला होता आणि चौकटीला बांधलेला होता. रणगाडा, तोफ, विमान, सगळं चकचकीत. मी काही न बोलता माझा पडदा समोरच्या जमिनीवर उलगडला. बायका रांगोळीसाठी आल्या होत्या, त्या वाकून बघायला लागल्या. सगळ्यात आधी ओळखलं ते त्या गाऊनवालीने. "अगो, हो माझो!" ज्याचं कोणाला सांगू नको म्हणाली होती, ते तिनेच सगळ्या सभागृहाला ओरडून सांगितलं. मग काय, जिला तिला आपल्या घरचं कापड सापडायला लागलं. कंडक्टर आपल्या झाडाकडे बोट दाखवत होते. एकीने आपलं कापड लावलं नाही म्हणून मला तिथेच फैलावर घेतलं.

दीर पुढे आले. पडदा त्यांनी नीट पाहिला, आणि मग त्या माणसावर बोट ठेवलं. "आनी ह्यो कोण?"

"जवान," मी म्हटलं.

"जवान? लुंगीत?" ते खरोखर चिडले होते. "ह्यो सैन्याचो अपमान, वैनी!"

माझ्या तोंडात दोरा नव्हता, मी बोलणारच होते. तेवढ्यात मागून ती बेळगावची बाई आली. कारखान्यातून तशीच आली होती, केसांवर जाळीची टोपी. दिरांशी ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली.

"दादा, ह्यो आमचा मानूस. वर्दीत ह्यांस्नी मी मोबाईलवर बघते. लुंगीत असलं म्हंजे घरात हायत. देवाला मी रोज त्येच मागते."

दिरांनी एकदा तिच्याकडे, एकदा त्या लुंगीकडे बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, शिडी ओढली, आणि स्वतः चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले. वरूनच मला म्हणाले, "वैनी, तुमच्या पडद्याक गाठी खंय मारूच्यो?" मी खाली उभी राहून रडले आणि रडता रडता गाठी सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडा फडकला आणि मग सभागृहात कार्यक्रम झाला. मुलांनी गाणी म्हटली. भाषणात दीर म्हणाले की जवान घरी परत येतो तो दिवस आपल्यासाठी सगळ्यात मोठा राष्ट्रीय सण. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, मी सांगितलेलं नव्हतं. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत ताठ बसले होते, आणि एवढी ताठ मी लग्नातही बसले नव्हते. माझं जे म्हणणं चहाच्या कपासमोर मला मांडता आलं नव्हतं, ते सोळा फूट लांबीचं समोर टांगलेलं होतं, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं.

फ्लेक्स दिरांनी आमच्या परसात आणून टाकला. सरपणावर घातलाय. तोफेवर पाऊस पडतो आणि खाली लाकडं कोरडी राहतात.

चतुर्थीच्या आधी एका सकाळी अंगणात एक उंच, काळासावळा माणूस येऊन उभा राहिला. हाफपॅन्टमध्ये, जरा अवघडलेला. मागे ती बेळगावची बाई पदर तोंडाला लावून हसत होती. "ताई," तो म्हणाला, "माझी लुंगी तुमच्याकडं हाय म्हंत्यात."

मी त्याला आत नेलं. पडदा माझ्या भिंतीवर होता. तो बघत राहिला. चौकडीवरून त्याने बोट फिरवलं, विरलेली जागा ओळखली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "तितं मी सुट्टी संपली तरी बसून ऱ्हातोय."

त्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात गेले आणि तशाच निळ्या चौकड्यांची नवी लुंगी आणली. लगेच दिली नाही. आधी तीन वेळा धुतली, उन्हाची तिरीप दिसेल तशी वाळवली, हाताने चोळून मऊ केली. नवं कापड अंगाचं व्हायला वेळ लागतो, आणि त्याच्याकडे सुट्टीचे पंधराच दिवस होते.