आमच्या आधी येऊन गेलेली बाई

भुताखेतांशी माझा संबंध आला तो फक्त भाव पाडण्यापुरता. पूर्वी मी प्लॉटची दलाली करायचो. गिऱ्हाईक हळूच "तिथल्या विहिरीवर काहीतरी आहे म्हणतात हो" असं बोललं की मी समजायचो, याला किंमत कमी करून हवी आहे. अशा गोष्टींचा मला माहीत असलेला अर्थ एवढाच. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तरी चालेल, दुसऱ्याने लिहिलं असतं तर मीही हसलो असतो. फक्त मला खोटारडा म्हणू नका... तो शब्द ऑफिसने आधीच वापरून झालाय.

मी शहापूरजवळ सापगावला राहतो. दलाली सोडल्यापासून रिक्रूटरचं काम करतो. म्हणजे शहरातल्या संस्था कुठल्यातरी विषयावर अभ्यास करतात, त्यांना निवांत बसून बोलणारी माणसं हवी असतात. तशी माणसं शोधायची, तयार करायची आणि मुलाखत घेणाऱ्या मॅडमना त्यांच्या दारात नेऊन बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. एखाद्या अनोळखी बाईला "तुमच्या घरातलं बोला" असं सांगून बघा एकदा. माझं एक वाक्य ठरलेलं आहे, ते मी प्रत्येक दारात म्हणतो – "ताई, तुमचं नाव कुठं येणार नाय. तुमी बोलाल ते तुमच्यात आणि मॅडममध्ये." या वाक्यावर माझं घर चालतं.

आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी शिवी म्हणजे 'रिपीट'. एकदा मुलाखत देऊन झालेल्या माणसाला नवीन म्हणून परत बसवायचं. करणारे करतात. मी कधी केलं नाही.

या वेळचा विषय होता अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या घरातल्या बायका. भाताची झोडणी उरकली होती, अंगणात पेंढा रचलेला, बायकांना जरा सवड होती. पहिलं घर शेणवे गावातलं. सुमनताई, सासू अंथरुणावर. मी आधी जाऊन शब्द घेऊन आलो होतो. मुलाखतीला पुण्याच्या अनघा मॅडम होत्या – वयाने लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी रेकॉर्डर लावला, पहिला प्रश्न विचारला. सुमनताई माझ्याकडे बघून म्हणाली,

"हे कालच सांगितलं ना सगळं. परत कशाला?"

"कोणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"काल बाई आलेल्या, त्यांना. तुमच्याच ना त्या?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. माझं डोकं तापलं ते तिथेच. कोणीतरी माझी माणसं पळवतंय, दुसरं काय?

"दिसायला कशी होती?"

"कशी म्हणजे... आपल्यासारखी. माझ्या माहेरच्या अंगाची वाटली. बोलणं तसंच."

"कागद? फोन?"

"काय नाय. नुसती बसून ऐकत होती." मग ती मॅडमना म्हणाली, "रागवू नका. पण एकदा बोलून झालं. आता आत काय उरलं नाय."

मी तणतणत नाक्यावर गेलो. आमच्याकडे एसटीतून नवीन माणूस उतरला तर तो कोणाकडे चाललाय हे त्याच्या आधी गावाला कळतं. टपरीवाल्याने मान हलवली. "विशेदादा, कोण परकी बाई आली असती तं तुमाला फोन नसता केला?" रिक्षावाल्यांनाही विचारलं. कोणीच पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात दुसरं घर. तेच. "कालच येऊन गेल्या बाई. माझ्या माहेरच्या वाटल्या."

रेकॉर्डिंग संस्थेच्या ऑफिसला जातं. संध्याकाळी साहेबांचा फोन. "विशे, बायका स्वतःच्या तोंडाने सांगतायत की आधी मुलाखत दिली. रिपीट आणता आणि वर आवाज चढवता?" मी आवाज चढवला होता, हे खरं. पण प्लॉटच्या दलालीतून उठून मी इथवर आलो ते कोणाच्या वशिल्यावर नाही, नावावर आलो. साहेब म्हणाले, "उद्याची एक ऐकतो. तीही तशीच निघाली तर तुमचं नाव बंद. आणि बाकीच्या संस्थांना मी स्वतः कळवणार."

रात्रभर विचार करून मी एक डाव टाकला. ठरवलेल्या घरी जायचंच नाही. कुठे जायचं हे मलाच माहीत नसेल, तर माझ्या आधी कोण पोचणार?

सकाळी गाडी काढली, मुरबाड मागे टाकलं. ठरलेलं गाव आलं, मी थांबलो नाही.

"दादा, इथेच होतं ना?" मॅडमनी विचारलं.

"आज नाय. आज पुढं जे मिळेल ते."

वैशाखरे गेलं, घाटाचे डोंगर अंगावर यायला लागले. मनात आलं तिथे एका मातीच्या रस्त्याला गाडी घातली. रस्ता संपला तिथून पायवाटेने वर चढलो. वर एक छोटी वाडी. मी तिथे जन्मात गेलो नव्हतो. एक म्हातारे बाबा बांबूच्या कामट्या तासत बसले होते. अंथरुणावर कोणाच्या घरी माणूस आहे का, म्हणून विचारलं. त्यांनी कोयत्यानेच शेवटचं घर दाखवलं.

त्या घराच्या दारात बाई उभी होती. हातात भरलेला तांब्या.

"पाणी घ्या आधी," ती मला म्हणाली. मॅडमना नाही, मला.

मी काही बोललोच नव्हतो अजून.

"काल बाई आलेली, ती सांगून गेली. मागनं एक दादा येतील, तापलेले असतील, आधी पाणी द्या मंग बोला."

मी तिथेच ओट्यावर बसलो. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, बाई कुठली होती? तर म्हणे, "आमच्याच बोलीत बोलत होती. वरल्या वाडीची असंल." ती बोली मला अर्धीमुर्धी समजते, बोलता येत नाही. ती बोली येणारी बाई कुठल्या ऑफिसात असेल, तुम्हीच सांगा.

आम्ही पायवाटेने खाली उतरलो. गाडीत बसल्यावर अनघा मॅडमनी स्वतःहून साहेबांना फोन लावला आणि हे घर ठरलेलं नव्हतं, असं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी काय ऐकलं माहीत आहे? विशेने या पोरीलाही फितवलं. माझं नाव त्या मिनिटाला बंद झालं.

मॅडमना स्टेशनला सोडून घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आमचे बाबा अर्धांगवायूने पडून आहेत, वाचाही गेली आहे. त्यांचं सगळं कल्पना, माझी बायको, करते. रिक्रूटरच्या घरची माणसं मुलाखतीला चालत नाहीत, असा नियम आहे, त्यामुळे आमचं घर माझ्या हिशोबात कधी नव्हतंच. त्या वेळेला कल्पना नेहमी आतल्या खोलीत असते.

त्या दिवशी ती दारात उभी होती. हातात तांब्या.

"पाणी प्या आधी."

मी तांब्याला हात लावला नाही. "कोण आलं होतं?"

"एक बाई. काल."

"काल आली आणि आज सांगतेस?"

"तुमी काल कुठं विचारलंत?" मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या माहेरकडची वाटली."

अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, डोकंही चाललं. हीच माझी साक्षीदार. मी साहेबांचा नंबर लावला, फोन तिच्यासमोर धरला. "एवढंच सांग, बाई आली होती. माझं नाव सुटेल."

"नाय."

"का?"

"मी बोलले ते माझ्यात आणि त्यांच्यात."

माझंच वाक्य. माझ्याच दारात.

फोनवर साहेब हॅलो हॅलो करत होते. मी ओरडलो, मग आवाज खाली आणला, मग म्हटलं, तुला काय पाहिजे ते बोल. कल्पना हसली. "भाव करताय? माझ्याशी?" आणि तांब्या ओट्यावर ठेवून बाबांची कूस बदलायला आत गेली. मी फोन कापला.

काम अजून बंद आहे. टपऱ्या, थांबे, दवाखाने, सगळीकडे विचारून झालं. ती कोण, कशाने आली, मलाही माहीत नसलेलं घर तिला कसं कळलं – काही पत्ता नाही. कल्पना हल्ली बाबांचं करताना काहीतरी गुणगुणते. पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, तिने काय विचारलं त्यातला एक तरी प्रश्न सांग. ती म्हणाली, "तुमीच विचारा की मला काहीतरी."

मी तिच्यासमोर बसलो. काय विचारायचं ते जुळवत बसलो. मी लोकांना बोलायला बसवत आलो, प्रश्न नेहमी दुसऱ्या कोणीतरी विचारले. शेवटी मीच उठून आधी पाणी प्यायलो.