कपाटावरचा चेंडू

थोरल्याची शाळा सातवीत सुटली, पण गवंडीकामात त्याची भिंत कधी सुताइतकीही कलली नाही. आणि भांडणात तो हरलेला तर कुणी पाहिलाच नव्हता. त्यामुळे धाकट्याचा डावा हात पुठ्ठ्याच्या कारखान्यात मशीनच्या रुळांमध्ये सापडला, तेव्हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे त्याने जाहीरच करून टाकलं, "कारखानेवाल्यांना नाक घासत दारात आणतो की नाही, बघाच!"

धाकटा डावखुरा. पुठ्ठ्यावरून दोन बोटं फिरवून सांगायचा, हा ओलसर आहे, मशीनला लावू नका. मालकसुद्धा त्या बोटांचं ऐकायचा. आता त्याच बोटांवर टाके होते. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्याला एक रबरी चेंडू दिला. "रोज शंभर वेळा दाबायचा. दुखलं तरी दाबायचा. मूठ वळली की परत कामावर."

मग धाकटा दारातल्या पायरीवर बसून दातओठ खात मोजायचा. आतून वहिनी टोकायची, "भाऊजी, चाळिसानंतर एकदम सत्तर? शाळेतही असंच मोजायचात का?"

भरपाईची केस वकिलाकडे गेली. वकील गोड बोलणारा, पण नजर सारखी घड्याळावर. "हाताला जपा," तो म्हणाला. "हात किती निकामी झालाय, त्यावरच सगळं ठरणार. महिन्याभराने तारीख आहे, तेव्हा तपासणी होईल."

थोरल्याने याचा आपल्यापुरता अर्थ लावला. त्यात संध्याकाळी समोर एक स्कूटरवाला बराच वेळ घराकडे बघत उभा राहिला. झालं! कारखान्याचाच माणूस! थोरल्याने धाकट्याच्या हातातला चेंडू काढला आणि कपाटावर ठेवून दिला.

"दादा, अजून साठ राहिलेत."

"बंद कर तो खेळ. यांनी फोटो काढला तर म्हणतील, हात ठणठणीत आहे. महिनाभर दम धर. तारीख झाली की दोनशे दाब."

"पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्यांनी टाके घालावेत. केस मी लढवतोय."

तो स्कूटरवाला बिचारा शेजारची भाड्याची खोली बघायला आला होता, हे आठवड्याने कळलं. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेईल तर तो थोरला कसला!

तारखेला वकील दुसऱ्या कोर्टात. पुढच्या तारखेला कळलं, तपासणीचा अर्ज दिलेलाच नाही, टायपिंगला आहे. मग अर्ज गेला, पण सोबत दवाखान्याचे कागद लावायचे राहिले. मग कोर्टाला सुट्टी लागली. दर वेळी थोरला चहावाल्याला सांगायचा, "पुढच्या महिन्यात नक्की. वकील काय, आपल्या शब्दाबाहेर नाही." आणि दर वेळी धाकटा विचारायचा, "दादा, चेंडू?" वर्ष उलटलं आणि त्याने विचारणं सोडून दिलं.

एके दिवशी वहिनीच म्हणाली, "अहो, द्या तो चेंडू त्यांना."

"तुला कोर्टातलं काय कळतं?"

"कोर्टातलं नाही, बटणातलं कळतं. आज शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घेतली त्यांनी. मान खाली घालून उभे होते."

थोरला तडक वकिलाकडे गेला, टेबलावर हात आपटला. वकील शांतपणे म्हणाला, "घाई असेल तर कागद उचला आणि दुसरा वकील बघा. पहिल्यापासून सुरुवात होईल." तेव्हा कुणापुढे न वाकलेल्या थोरल्याने हात जोडले. हे त्याने चहावाल्याला सांगितलं नाही. चेंडूही काढला नाही. आता इतके दिवस गेलेच आहेत, तर अजून एक महिना, असं त्याने स्वतःला समजावलं.

तपासणी झाली एकोणीस महिन्यांनी. डॉक्टर बोटं वळवून बघू लागले तसं धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"व्यायाम केला नाहीत? कागदावर लिहिलंय, चेंडू दिला होता ना? सुरुवातीचे सहा महिने जरी केला असता, तरी मूठ वळली असती. आता सांधे आखडलेत."

धाकट्याने थोरल्याकडे एकदा बघितलं, मग खाली जमिनीकडे.

"हरवला, साहेब. माझाच हलगर्जीपणा."

बाहेर वकिलाने रिपोर्ट वाचला आणि खूश झाला. "वा! आता केस पक्की झाली. पुढची तारीख घेतो."

घरी येताना चहावाल्याने हाक मारली, "काय गवंडी, जिंकलात का?" थोरला न थांबता पुढे गेला.

घरात शिरताच त्याने कपाटावरून चेंडू काढला, सदऱ्याला पुसला आणि धाकट्याच्या तळहातावर ठेवला. तो घरंगळून खाली पडला. थोरल्याने तो उचलून परत ठेवला, आणि या वेळी धाकट्याच्या बोटांभोवती स्वतःची चुन्याने फाटलेली बोटं आवळली.

"मोज."

"दादा, आता काय उपयोग?"

"मोज म्हणतो ना!"

धाकटा मोजू लागला. चाळिसानंतर तो एकदम सत्तर म्हणाला. आतून वहिनीने या वेळी टोकलं नाही.