उरलेलं अर्धं

पपा गेल्यानंतरच्या त्या वर्षात, देवावर तुझा विश्वास आहे का असं कोणी विचारलं असतं, तर मी विषय बदलला असता. माझा भरवसा मनगटावरच्या घड्याळावर होता. ते वेग सांगायचं, हृदयाचे ठोके सांगायचं आणि खोटं बोलून त्याचा काही फायदा नव्हता. माणसांचं तसं नसतं. घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे मी तेव्हा एकाच नजरेने बघत होते. हा का आला असेल? याला आपल्याकडून काय हवं असेल? कोणी आशीर्वादित तेलाची बाटली आणली, कोणी प्रार्थना शिबिराचं पत्रक आणून मम्मीच्या हातात ठेवलं. मी चहा द्यायचे आणि आत निघून जायचे. लोकांना वाटायचं, पोर लाजाळू आहे. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं.

मी एका अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करत होते. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. भीती ग्राउंडची होती, म्हणजे मैदानी चाचणीची, आणि त्यातही धावण्याची. सुरुवात चांगली व्हायची. मग शेवटच्या वळणावर श्वास मध्येच तुटायचा. दम लागणं वेगळं, हे वेगळं होतं. हवा आत यायची आणि गळ्यापाशीच थांबायची, जणू पुढचं दार कोणी लावून घेतलं आहे. मागच्या भरतीत मी त्याच वळणावर थांबले होते. बाकीच्या मुली पुढे गेल्या आणि मी गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, सगळं स्वच्छ निघालं. अकॅडमीचे सर म्हणाले, "छाती ठीक आहे तुझी. गडबड वरच्या मजल्यावर आहे. मन शांत ठेव, देवाचं नाव घे, काहीतरी कर." सगळी मुलं हसली. मीही हसले, आणि त्या दिवसापासून सरांवरचाही माझा विश्वास उडाला.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि मी ती कोणालाच सांगितली नव्हती. आमच्या आळीच्या तोंडाशी क्रूस आहे. मे महिन्यात संध्याकाळी सगळी आळी तिथे रोजरीला, म्हणजे मरियेच्या माळेच्या प्रार्थनेला, जमते. एकाने प्रत्येक प्रार्थनेचं पहिलं अर्धं म्हणायचं आणि बाकीच्यांनी दुसऱ्या अर्ध्याने उत्तर द्यायचं, अशी ती रीत. पहिलं अर्धं पपांचं असायचं. फुप्फुसाचा आजार बळावला, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, तरी ते पलंगावर बसून रोजरी सुरू करायचेच. ओळ मध्येच तुटायची. मम्मी वाट बघायची. मी मात्र त्यांच्या छातीकडे बघत बसायचे, माझा स्वतःचा श्वास धरून. मैदानावरच्या त्या वळणावर माझा श्वास जिथे अडायचा, ती जागा माझ्या ओळखीची होती.

नवीन भरतीची जाहिरात आली तेव्हा मामांनी स्पष्ट सांगितलं. वालीवला त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्याच्या गाळ्यात ऑफिसचं काम होतं. या खेपेला ग्राउंड निघालं नाही तर तिथे रुजू व्हायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, फक्त इच्छा होती.

अकॅडमीतल्या मुलांची हसणारी तोंडं टाळायला मी एकटी राजोडीच्या किनाऱ्यावर धावायला जाऊ लागले. सकाळी ओहोटीला तिथली वाळू ओली आणि घट्ट असते, पाय रुतत नाहीत. एका टोकाला सुरूची झाडं, दुसऱ्या टोकाला बोंबील वाळत घातलेल्या काठ्या, आणि मध्ये मी. तिथेच ती बाई होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात पांढऱ्या प्लास्टिकच्या मण्यांची माळ. ती पाण्याच्या कडेने सावकाश चालायची, आणि मी जवळून गेले की ओठ हलवता हलवता माझ्याकडे टक लावून बघायची. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी किनाऱ्याचं वरचं अंग धरलं, तर तीही वर सरकली. मला खात्री झाली की ही माझ्यासाठी प्रार्थना करते आहे, आणि हिला कोणीतरी सांगितलं आहे.

घरी येऊन मी मम्मीला विचारलं, "राजोडीच्या बाईला तू पाठवलंस ना?"

"कोणती बाई?"

"माळवाली. माझ्यामागे असते."

"मी राजोडीत कोणाला ओळखते गं? मासेवाली येते ती तर अर्नाळ्याची." मम्मीने कणीक मळणं थांबवलं नाही. ती खोटं बोलते तेव्हा हात थांबत नाहीत तिचे. खरं बोलते तेव्हाही थांबत नाहीत.

पुढच्या सकाळी त्या बाईने मला हात करून थांबवलंच.

"कोनाची गो तू?"

मी गावाचं नाव सांगितलं, घराचं टाळलं. "काही काम होतं का, आंटी?"

"आंटी कोन? मी कोनाची आंटी नाय. मावशी बोल." मग माळ वर करून म्हणाली, "रोजरी येते ना तुला?"

झालं, आता पत्रक निघणार, असं मला वाटलं. मी म्हटलं, "येते, पण मला उशीर होतोय."

"धाव ना मग, तुला कोन धरतंय? पन उत्तर दे. माझी बहीन द्यायची. ती आता अंथरुनात हाय, तोंड हलतं पन आवाज येत नाय. एकटीने दोन्ही अर्धी बोलायला मला नाय जमत. माझं अर्धं होतं आनि मी आपली गप उभी राहते, कोनीतरी बोलेल म्हनून. रोज तुझ्याकडे बघते, ही पोरगी देईल, आता देईल, तर तू पळून जाते."

म्हणजे ती माझ्यासाठी काहीच मागत नव्हती. तिला माझ्याकडूनच हवं होतं, आणि तेही उरलेलं अर्धं. मला हसू आलं. पण संशय गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. तरी मी एकदा उत्तर दिलं, शाळेत शिकले होते तसं, इंग्रजीत. होली मेरी, मदर ऑफ गॉड.

ती थांबली. "हे काय?"

"तेच आहे, मावशी. इंग्रजीतलं."

"मरियेला कळेल ते, मला नाय कळत. माझं अर्धं मराठी, तुझं इंग्रजी. जुळनार कसं? चपलेचा एक पाय तुझा नि एक माझा?"

मराठी मला पाठ होतं, पण पपा गेल्यापासून ते तोंडात आलं नव्हतं. "पवित्र मरिये, देवाच्या माते," मी सुरुवात केली, आणि बाकीचं आपोआप येत गेलं. बाईने मान डोलावली आणि पुढचा मणी ओढला.

मग तसंच चालू झालं. ती चालायची, मी तिच्या शेजारून धावत जायचे. मी जवळ आले की ती पहिलं अर्धं मोठ्याने म्हणायची, आणि लांब जाता जाता मी उत्तर द्यायचे. आवाज बारीक झाला की मागून हाक यायची, "नाय आला ऐकू." रविवारी मुंबईहून आलेली मंडळी नाश्ता करता करता आमच्याकडे बघायची, तेव्हा मला वाळूत शिरावंसं वाटायचं. पण उत्तर अर्ध्यावर सोडता येत नव्हतं, कारण ती खरंच तिथे उभी राहायची, मणी बोटात धरून.

घड्याळ काय सांगतंय ते मी बघत होते. मम्मीशी भांडून निघाले त्या सकाळी, किंवा रात्रभर मामांच्या गाळ्याचा विचार केला त्या सकाळी, पाय तेच, वाळू तीच, पण ठोके सुरुवातीपासूनच चढलेले असायचे आणि वेग पडलेला. उत्तरं देत धावले की ठोके उशिरा चढायचे. यात चमत्कार नाही, हे मलाही कळत होतं. उत्तराची ओळ लांब आहे. ती पुरी करायची तर श्वास हळूहळू सोडावा लागतो, आणि श्वास पुरा सोडला की नवा आपोआप आत येतो. इंग्रजीत शेवटचा शब्द पटकन संपतो, मराठीत "आम्हांसाठी विनंती कर" म्हणेपर्यंत छाती रिकामी होते. मी ही गोष्ट अशीच स्वतःला समजावली होती. फक्त एक प्रश्न मी टाळत होते. नुसती लांब ओळच लागत होती, तर पाढे म्हणूनही मी का नव्हते धावू शकत? कारण ते मी करून पाहिलं होतं. वळणाची आठवण आली की पाढा तुटायचा.

ग्राउंडच्या दिवशी छातीवर नंबर लावून आम्ही रांगेत उभ्या होतो. माझ्या शेजारची मुलगी कामणकडची होती. तिने पायात बूट घातले नव्हते, आणि ती कोणाशीच बोलत नव्हती, माझ्यासारखीच. शिट्टी वाजली. पहिली फेरी ठीक गेली. शेवटच्या फेरीत ते वळण समोर दिसलं आणि गळ्यातलं दार लागायला सुरुवात झाली. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण सुरू करून देणारी बाई राजोडीला होती. पहिलं अर्धंच नव्हतं. उत्तर कशाचं देऊ?

तेवढ्यात मागून ती मुलगी जवळ आली. तिचा दम मला ऐकू येत होता, अनवाणी पावलांचा आवाज आणि त्यावर एक जाड, खरखरीत श्वास, मध्येच तुटणारा. तसा श्वास मी महिनोन्महिने पलंगाशेजारी बसून ऐकला होता. तेव्हा मी माझा धरून ठेवायचे. या वेळी का कोण जाणे, तो तुटला तिथे मी उत्तर दिलं, आवाजासकट. तिचा श्वास आला, मी पुन्हा उत्तर दिलं. वळण कधी मागे पडलं ते मला आठवत नाही. आठवतो तो चुन्याचा पट्टा, आणि त्यापलीकडे आम्ही दोघी मातीत बसलेल्या.

"तू काय बडबडत होतीस गं?" तिने विचारलं.

"काही नाही. प्रार्थना."

"मला एक अक्षर नाही कळलं. पण तू बोलत होतीस म्हणून मी थांबले नाही. तू गप्प बसली असतीस ना, तर मी तिथेच बसले असते." मग घाम पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी जरा हळू बोल, लोक बघत होते."

दोघींचंही ग्राउंड निघालं. निवड यादी अजून लागायची आहे. वालीवचं काय ते मामा आता विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी राजोडीला गेले, धावायला नाही, सांगायला. बाईने निकाल विचारला नाही. माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघून माळ माझ्या हातात दिली. "आज तू पयलं बोल. मी उत्तर देते."

पहिलं अर्धं. पपांचं. मी सुरू केलं. दोन-तीन शब्द नीट आले आणि ओळ तुटली, पपांची तुटायची तशीच. मी श्वास धरून उभी राहिले. बाई थांबली नाही, तिने वळूनही पाहिलं नाही. माझी राहिलेली ओळ तिने जिथून तुटली तिथून उचलली, पुरी केली, आणि लगेच तिचं स्वतःचं अर्धंही म्हणून टाकलं, जणू त्यात काही विशेष नव्हतं. एकटीने दोन्ही अर्धी म्हणायला आपल्याला जमत नाही, असं तीच म्हणाली होती.

तिला मम्मीने पाठवलं होतं का, हे मला अजून माहीत नाही. मी पुन्हा विचारलंही नाही. माझा संशयी स्वभाव गेलेला नाही, आणि तो जावा असं मी देवाकडे मागितलंही नाही. मी आभार मानते ते एवढ्यासाठी की, मी दार लावून बसले होते तेव्हाही कोणीतरी आपलं अर्धं म्हणून माझी वाट बघत उभं होतं. सगळी ओळ स्वतःच्याच छातीने पुरी करायची असं मला वाटत होतं. आता श्वास तुटतो तिथे मी तो तुटू देते. पुढचं म्हणणारं कोणीतरी असतं.

"पुढचा मनी ओढ," मावशी म्हणाली. मी ओढला.