सॅलमँडरची कातडी आणि माझी

मी तुंगा. विजयनगरात राहते आणि महाकाय सॅलमँडरच्या शरीरातली प्रथिनं शोधते. हा प्राणी म्हणजे बेडकाचा पाच फुटी चुलता. जिवंत मी कधी पाहिलेला नाही. परदेशातल्या एका मत्स्यालयात तो म्हातारपणाने मेला आणि त्याच्या कातडीचे, यकृताचे, स्नायूंचे नखाएवढे तुकडे गोठवून आमच्या प्रयोगशाळेत आले.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, नमुन्यातली प्रथिनं जेलवर वेगळी करून रंगवली की कातडीच्या नमुन्यात मला एक ठळक निळी रेघ दिसू लागली. दर खेपेला त्याच जागी. यकृतात नाही, स्नायूत नाही. नवं प्रथिन! माझ्या मार्गदर्शक सुमा मॅडम म्हणाल्या, ते ओळखायला बाहेर पाठवू, अहवाल येईपर्यंत कुणाला सांगू नकोस. मी फक्त आईला सांगितलं. आईने फक्त दत्तोजीमामाला. मामा शिंपी, त्याच्याकडे माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला भाचीचा शोध कळला. विठ्ठल मंदिराच्या मंडळाने रविवारी सत्कार ठरवला. मी नको म्हणाले, पण कुणाला ऐकू जाणार नाही इतपतच.

गुरुवारी अहवाल आला. प्रथिन होतं केराटिन, केसांत आणि कातडीत असतं ते, आणि तेही माणसाचं. कातडी चिवट, म्हणून तो नमुना मी तासन्‌तास खलत बसायची, बिनटोपीची. त्यात विचार करताना डोकं खाजवायची सवय. आठ महिने मी स्वतःच्या कोंड्याचा अभ्यास केला होता.

मॅडम रागावल्या नाहीत. टोपी कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. टोपी कपाटात होती, घडीसुद्धा न मोडलेली.

मामाला म्हटलं, सत्कार रद्द कर.

"बिडू गं, सोड ते," तो म्हणाला, "हार आणून झालाय. तिथे कुणाला काय कळतंय?"

ते मात्र मला झोंबलं. रविवारी शाल खांद्यावर पडताच मी सगळं सांगून टाकलं, कोंड्यासकट. मग पुढच्या रांगेतल्या लक्ष्मीदेवीकाकूंनी काळजीने विचारलं, "मेथी भिजवून लावतेस का?"

पुढची पंधरा मिनिटं माझ्या डोक्यावर चर्चा झाली. शाल कुणी परत मागितली नाही.

उरलेल्या तुकड्यांवर मी पहिल्यापासून काम केलं. वर्षभराने यादी झाली: तीनशे बारा प्रथिनं, सगळी आधीच कुठल्या ना कुठल्या प्राण्यात सापडलेली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, यात नवीन काय?

"ही सगळी सॅलमँडरचीच आहेत," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.