अडकलेलं बटण

जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या आमच्या घरी मी स्वयंपाकघरात व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, बटण दुरुस्त करत होतो. आत बॅटरीला आवर घालणारं सर्किट नव्हतं. बटण दाबलं की बॅटरी थेट तापणाऱ्या कॉइलला जोडली जायची. स्प्रिंग बसवली आणि बटण दाबलेलंच अडकलं. धातूची नळी चटके देऊ लागली. तेवढ्यात पुण्याहून आलेले सासरे आत आले.

"बाबा, मागे व्हा, बॅटरी फुटेल!"

ते हलले नाहीत. टॉवेलात धरून मी झाकण फिरवलं, बॅटरी ओट्यावर पडली. त्यांनी ती सांडशीने उचलून बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत टाकली. काचेमागून आम्ही बघत राहिलो. धूर आला नाही.

"तुम्ही हे ओढता, माझ्या मुलीला माहीत आहे?"

"नाही."

"मग आज सांगा."

ती कामावरून आल्यावर, चपला काढायच्या आतच मी सांगून टाकलं.