आप्पांचा डावा तंबोरा

"डावा तंबोरा बंद पडलाय रं," आप्पा फोनवर म्हणाले. "उजवा वाजतोय. डावा गप्प. ये जरा."

मी बेळगावात टिळकवाडीतल्या एका बंगल्यात शिडीवर उभा होतो. छताला भोक पाडून स्पीकर बसवत होतो, तोंडात दोन स्क्रू. "उद्या येतो," एवढंच म्हणालो. मनात म्हटलं, घ्या, सिस्टिम लावून बारा दिवस झाले नाहीत तोवर तक्रार. फोन ठेवला आणि सवयीप्रमाणे जॉबकार्डवर तारीख, वेळ, तक्रार लिहून टाकली. हीच तारीख पुढे एका डॉक्टरांसमोर मला वाचून दाखवावी लागली.

घरोघरी साउंड सिस्टिम बसवणं हा माझा धंदा. पंधरा वर्षं झाली. पूर्वी दोन स्पीकर लावले की काम संपायचं. डावा, उजवा, झाला स्टिरिओ. आता लोकांना इमर्सिव्ह पाहिजे. म्हणजे स्पीकर पुढे, बाजूला, मागे आणि छतातसुद्धा. स्ट्रीमिंगच्या ॲपवरून गाणं येतं तेव्हा त्याच्यासोबत एक चिठ्ठी येते म्हणा: तबला इथून वाजवा, टाळ्या तिथून. रिसीव्हर नावाची एक पेटी असते. ती ही चिठ्ठी वाचते आणि प्रत्येक स्पीकरला त्याचं त्याचं काम वाटून देते.

आप्पा निपाणीचे. तंबाखूचे जुने व्यापारी, जैन घराणं, वय सत्तरीच्या पुढं. धंदा आता मुलगा बघतो. आप्पांना वेड गाण्याचं. तरुणपणी कुणी गवई आला की त्याच्या मागं तंबोरा धरून बसायचे. नेहमी डाव्या बाजूला. स्वतःला गळा नव्हता, पण सुराला लई पक्के. पाव पडदा इकडंतिकडं झाला तरी कपाळाला आठी.

सिस्टिम लावली त्या दिवशी मी त्यांना एका बैठकीचं रेकॉर्डिंग लावून दिलं. त्यात ऐकणाऱ्याला जणू गवयाच्या जागेवर बसवलेलं असतं. गळा समोरून येतो, तबला उजवीकडून, पेटी डावीकडून, आणि दोन तंबोरे पाठीमागून. आप्पांनी चक्क मान वळवून मागं बघितलं. मग डोळे पुसले.

"जन्मभर मागं बसलो मर्दा," म्हणाले. "आज पुढं बसवलास."

असं बोलणारं गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही. म्हणून फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी टिळकवाडीचं काम अर्धं टाकून मी निपाणी गाठली.

गेल्या गेल्या रिसीव्हरचा पडदा बघितला. काय आवाज येतोय ते तिथं लिहिलेलं असतं. लिहिलं होतं: स्टिरिओ. मला हायसं वाटलं. टीव्हीनं आपोआप अपडेट घेतलं होतं आणि जाता जाता आवाजाची सेटिंग बदलून ठेवली होती. गाणं येत होतं, चिठ्ठी वाटेतच फाटत होती. सेटिंग नीट केली. मागचे स्पीकर जागे झाले. मी आप्पांच्या खुर्चीमागं उभा होतो, मला दोन्ही तंबोरे स्वच्छ ऐकू येत होते.

"आता?"

"उजवा आला मागनं," आप्पा म्हणाले. "डावा न्हाय."

"वाजतोय की आप्पा."

"तुला वाजत असंल. मला न्हाय."

आमच्यात एक सोपी रीत आहे. डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी रिसीव्हरपाशी अदलून बघायच्या. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर रिसीव्हर खराब, जागेवर राहिला तर स्पीकर किंवा वायर. मी वायरी अदलल्या. उजवीकडचं डावीकडं, डावीकडचं उजवीकडं. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"उजव्या अंगाला हाय. डाव्या अंगाला न्हाय."

दोष हलला नाही. वायरी पूर्ववत लावून मी कॅलिब्रेशनचा माइक काढला. हा अंगठ्याएवढा असतो. ऐकणाऱ्याचं डोकं जिथं असतं तिथं स्टँडवर ठेवायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून फुस्स असा आवाज सोडतो, माइक तो मोजतो आणि सगळे स्पीकर सारखे करून देतो. आप्पांना खुर्चीवरून उठवलं, स्टँड लावला, मोजलं. डावा आणि उजवा तंतोतंत सारखे.

आता शहाण्या माणसानं काय ओळखावं? स्पीकर चांगला, वायर चांगली, माइक म्हणतो सगळं ठीक. मी ओळखलं की खोलीत खोट आहे. डाव्या हाताला सोप्यात उघडणारं मोठं दार होतं. आवाज तिकडं निसटत असणार, असं मी ठरवून टाकलं. तपासायची आणखी एक गोष्ट उरली होती, पण ती माझ्या यादीत नव्हतीच.

गिऱ्हाइकाच्या कानाशी वाद घालू नये, असं आमच्याकडं म्हणतात. मी डावी बाजू हातानं तीन डेसिबल वाढवली.

"आला!" आप्पा खुर्चीत ताठ झाले. "आला बघ माझा तंबोरा! बस की रं, उभा का? बस, च्या घे."

"नको आप्पा, उभ्यानं बरं ऐकू येतंय."

हे मी खोटं बोललो. उभ्यानं काही बरं ऐकू येत नाही. स्पीकर लावताना सगळी मापं एका जागेवरून घेतात, ती म्हणजे मालकाची बसायची जागा. काम संपलं की तंत्रज्ञानं तिथं बसून ऐकायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. टिळकवाडीत डॉक्टर असो, वकील असो, मी त्याच्या सोफ्यावर ऐसपैस बसतो आणि पाणी मागतो. आप्पांकडं मात्र मी बसलो नव्हतो. सिस्टिम लावली त्या दिवशीही नाही.

माझी आई वीस वर्षं याच घरच्या वखारीत तंबाखूचा पाला निवडायला होती. संध्याकाळी घरी यायची ती खोकत. लहानपणी कधी तिला बोलवायला गेलो तर ती उंबऱ्याबाहेरूनच सांगायची, "मालकाच्या दारात उभ्यानं बोलायचं." पुढं मी डिप्लोमा केला, दुकान टाकलं, गाडी घेतली. बाबासाहेबांच्या जयंतीला भाषण ठोकतो, कुणापुढं वाकू नका म्हणून. आणि आप्पांच्या खुर्चीसमोर आलो की पाय आपोआप जुळतात. आप्पांनी कधी उणा शब्द काढला नाही. दर खेपेला बस म्हणायचे. नाही बसलो तो मीच.

आठवड्यानं परत फोन. "डावा बारीक झालाय."

रिसीव्हर इंटरनेटला जोडलेला असतो, तेव्हा मी बेळगावात बसूनही तो फिरवू शकतो. मोबाइलवर दोनदा बोट टेकवलं. "आता?"

"आला, आला."

मला माझंच कौतुक वाटलं. पंचाहत्तर किलोमीटरवरून तंबोरा वाजवतोय म्हणून बायकोलाही सांगितलं. असे चार फोन झाले. चार वेळा मी डावा वाढवला. एकदा आप्पा मधेच म्हणाले, "कान जरा गच्च झाल्यागत वाटतोय. सर्दी असंल."

"व्हय आप्पा, हवाच तशी हाय," मी म्हणालो. जॉबकार्डवर हे लिहिलं नाही. सर्दी ही काही सिस्टिमची तक्रार नव्हे.

पहिल्या फोनला सहा आठवडे होत आले तेव्हा आप्पांच्या सुनेचा फोन आला. पद्मावैनी तशा कमी बोलणाऱ्या.

"दादा, ती डावी बाजू एवढी मोठी कशाला ठेवलीय? आप्पा तवंदीला देवाला गेलेत, म्हणून मी जरा त्यांच्या खुर्चीत बसले. कानठळ्या बसल्या माझ्या."

"वैनी, तिकडं दार उघडं असतंय. खोलीचा दोष हाय तो."

"मी काय इंजिनिअर न्हाय," वैनी म्हणाल्या, "पण मला दोन कान हायेत. येऊन बघा."

गेलो. जरा चिडूनच गेलो. खुर्चीमागं उभा राहिलो आणि ऐकायला लागलो.

"तिथं न्हाय," वैनी म्हणाल्या. "इथं बसा."

"उभ्यानंच..."

"बसा ओ दादा. खुर्ची चावत न्हाय."

बसलो. डावा तंबोरा कानशिलावर आदळत होता. उजवा त्याच्यामागं कुठंतरी गुदमरलेला. गवयाचा गळा डावीकडं ओढला गेलेला. मी मोबाइल काढून आकडा बघितला. डावा बारा डेसिबलवर होता. बारा डेसिबल म्हणजे माणसाच्या कानाला दुपटीहून मोठा. रिसीव्हरचा आकडा त्याच्या वर जातच नाही. आणि आप्पा काल म्हणाले होते, परत बारीक वाटतोय.

मी आवाज बंद केला.

"वैनी, आप्पा फोन कुठल्या कानाला लावतात?"

"उजव्या," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "पयला डाव्या लावायचे. उजव्या हातात पेन असायचं ना, डाव्यानं फोन धरायचे. हल्लीच... अगं बाई."

तासाभरानं आप्पा आले. टोपी काढून ठेवली, मला बघून खूश झाले. "आलास? लाव बरं."

मी बॅगेतला हेडफोन काढला. म्हटलं, आप्पा, जरा टेस्ट घ्यायचीय. हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि फक्त उजव्या बाजूला तंबोरा सोडला. त्यांनी मान हलवली. सूर बरोबर आहे, अशी. मग उजवी बंद केली आणि तोच तंबोरा, तेवढाच मोठा, डाव्या बाजूला सोडला.

आप्पा वाट बघत बसले. वैनी दाराशी उभ्या होत्या. हेडफोनच्या कडेनं बारीक सूर बाहेर झिरपत होता. तो त्यांना ऐकू येत होता, मला येत होता.

"चालू कर की," आप्पा म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. त्यांनी स्वतःच हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि पुन्हा घातला. आता तोच सूर उजव्या कानात गेला. थोडा वेळ ऐकला. मग हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला आणि त्याची वायर गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी माझ्या गाडीतून दोघांना बेळगावला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हे नेमकं कधी सुरू झालं?"

आप्पा म्हणाले, "ध्यानात न्हाय."

मी जॉबकार्ड काढलं. तारीख वाचली. वेळही वाचली, सकाळचे अकरा वीस. पुढची तक्रारही वाचली: डावा तंबोरा बंद.

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं. "तारीख एवढी पक्की माहिती असणारा पेशंट मी बघितला नाही," ते म्हणाले. "तेव्हाच का नाही आलात? कान असा अचानक जातो तेव्हा पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात औषध दिलं तर बऱ्याचदा फायदा होतो. आता प्रयत्न करू. आशा कमी आहे."

प्रयत्न केले. गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. कान आला नाही.

मी आईला सगळं सांगितलं. सांगताना तिच्यावरच ओरडलो, तूच शिकवलंस उभं राहायला म्हणून. ती म्हणाली, "तवा बसलो असतो तर मुकादमानं हाकललं असतं रं बाबा. आता तुला कोण हाकलत व्हतं?"

इलाज थांबल्यावर आप्पांनी बोलावलं. मी घाबरतच गेलो. वाटलं, सिस्टिम काढून ने म्हणतील. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते डावं वाढवलंयस ते कमी कर," म्हणाले. "माइकनं मोजलं व्हतंस तसं कर. पोरंबाळं ऐकत्यात, त्यांच्या कानाला तरास नको."

"तुमच्यासाठी दोन्ही तंबोरे उजवीकडं घेता येतील, आप्पा. जमतंय."

"नको. ज्याची जागा त्याला ऱ्हाऊ दे."

आकडा शून्यावर आणला. आप्पा खुर्चीतून उठले, शेजारच्या स्टुलावर बसले आणि खुर्चीवर हात आपटला. "बस."

या वेळी बसलो. त्यांनी तेच रेकॉर्डिंग लावलं. आप्पांचा गेलेला कान माझ्या बाजूला होता, म्हणून त्यांना पुरतं वळून विचारावं लागलं.

"डावा वाजतोय का?"

"वाजतोय, आप्पा."

"सुरात हाय?"

"व्हय."

"मग झालं," म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मी गाणं संपेपर्यंत हललो नाही.

परत आल्यावर जॉबकार्ड नवीन छापून घेतलं. स्पीकर, वायर, सेटिंग, माइक, सगळ्यांच्या वर आता पहिली ओळ आहे: गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो, होय किंवा नाही. दुसरी ओळ: गिऱ्हाइकाचे दोन्ही कान तपासले. लोक हसतात. मी मात्र बसतो.